मुरंबवाडी फाट्यावर नामदारांचं तोंड कुणी पुसलं?

१

"आजपासून मराठवाड्यातून धूर हद्दपार झाला आहे!" नामदारांनी माइकवर गर्जना केली आणि त्याच क्षणी लाइट गेली. मंडपामागचं जनरेटर ताबडतोब सुरू करण्यात आलं. ते डिझेलवरचं होतं आणि बरेच दिवस बंद होतं. त्यानं पहिला जो ढेकर दिला, त्यात पुढच्या रांगेतले सगळे मान्यवर दिसेनासे झाले. नामदार खोकत खोकत आणखी काही ऐतिहासिक बोलले, पण ते इतिहासाच्या कानावर गेलं नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढं, मुरंबवाडी फाट्यावर विजेच्या गाड्यांसाठी सरकारी चार्जिंग स्टेशन झालं ते असं.

यंत्र मात्र देखणं होतं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, वर पत्र्याचं छप्पर. एका अंगाला जाड केबल आणि तिच्या टोकाला, पेट्रोल पंपावर असतं तसं, गाडीत खुपसायचं तोंड. त्याला सगळे गन म्हणत. दुसऱ्या अंगाला दुचाक्यांसाठी साधा प्लग. आणि दर्शनी बाजूला चिकटवलेला नामदारांचा फोटो: जोडलेले हात, चष्मा, आणि निवडणूक नसतानाही टिकून राहिलेलं हसू.

आभारप्रदर्शन हणमंतरावांकडं होतं. हणमंतराव हे विद्युत-वाहन प्रोत्साहन कक्षाचे तालुका विस्तार अधिकारी. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि हणमंतराव. कपाटाची चावी नांदेडला होती. घर मुरंबवाडीतच, चार एकर कापूस-सोयाबीन, आणि निवृत्ती अगदी उंबऱ्यावर येऊन बसलेली. "हे यंत्र सरकारचं नाही, तुमचं आहे," ते म्हणाले. "घरातलंच समजा आणि घरच्यासारखं जपा!" टाळ्या कडाडून पडल्या, कारण नंतर पोहे होते.

हे झालं गणपतीत. पित्तरपाटात, म्हणजे पितृपंधरवड्यात, यंत्र मेलं.

नांदेडहून मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा हणमंतराव दात घासत होते.

"हणमंतराव, मुरंबवाडीला काय चाललंय? यंत्रावर लाल दिवा लागलाय. बंद!"

"बघतो साहेब."

"ते बघाल हो. पण नामदारांचा चेहरा?"

"चेहऱ्याला काय झालं?"

"गेला! कार्यकर्त्यानं मोबाइलवर पाठवलंय, कुणीतरी खरवडून काढलाय. हसू गेलं, चष्मा गेला. शिल्लक राहिलेत ते नुसते जोडलेले हात. हा घातपात आहे, हणमंतराव. आज दुपारी नामदार नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन नांदेडहून लातूरला निघालेत. मुरंबवाडीला थांबून, कॅमेऱ्यासमोर चार्जिंग करणार आहेत. त्याआधी मला गुन्हेगार पाहिजे. नाही सापडला, तर तो राखणदार आहे ना, काय नाव त्याचं, अंगद, त्याला संध्याकाळी पोलिसांत द्या. चावी त्याच्याकडंच असते. तोवर तो तिथून हलता कामा नये."

हणमंतराव चूळ भरायची विसरले. गुन्हेगार शोधायचं काम अवघड होतं म्हणून नव्हे. उलट फार सोपं होतं.

गावातली डीपी जळाली होती, म्हणून काल दुपारी, अंगद जेवायला आत गेलेला पाहून, त्यांनी आपला फवारणीचा बॅटरीपंप त्या सरकारी प्लगला लावला होता. तासभर. यंत्र तेव्हा मधमाशांचं पोळं घोंघावावं तसा आवाज करत होतं.

गुन्हेगार गोठ्याशेजारी दात घासत उभा होता.

२

फाट्यावर पोचेपर्यंत हणमंतरावांनी मनातल्या मनात बडतर्फीचा आदेश, पेन्शन बंद झाल्याचं पत्र आणि निरोप समारंभ रद्द झाल्याची बातमी, तिन्ही वाचून काढली. मग त्यांनी ठरवलं की चौकशी कडक करायची. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण हणमंतरावांच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं.

यंत्रासमोर उभं राहून त्यांनी पाहिलं. खरंच, नामदारांच्या मानेवर काही नव्हतं. कागदाची नुसती पांढरी साय राहिलेली, आणि खाली दोन हात त्या सायीला नमस्कार करत होते. उद्घाटनाला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही गेलेलं. बाकी यंत्र इतकं चकचकीत होतं, की हणमंतरावांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते त्यांनी फार वेळ पाहिलं नाही.

'गुन्हेगार हुशार आहे,' त्यांनी मनात नोंद केली. 'बोटांचे ठसे पुसून गेलाय.' मग त्यांना आठवलं की गुन्हेगार आपणच आहोत, आणि आपण काही पुसलं नव्हतं. हे कोडं त्यांनी तात्पुरतं बाजूला ठेवलं.

गन हातात घेतली. तिच्या तोंडातल्या भोकांच्या कडेला पांढरी पूड जमली होती. सिनेमातले पोलीस पांढरी पूड दिसली की जिभेला लावतात. हणमंतरावांनीही लावली. जीभ ओढल्यासारखी झाली, खारट आणि तुरट. एका भोकात तपकिरी रंगाचा केसासारखा धागा अडकला होता. तो त्यांनी रुमालात बांधला, कारण पुरावा म्हटलं की काहीतरी बांधावं लागतं.

"साहेब," मागून आवाज आला.

अंगद उभा होता. पंचविशीचा, कंत्राटी राखणदार, स्टेशनच्या मागच्या खोलीत आई धोंडाबाईबरोबर राहणारा. ह्या नोकरीवर त्याचं लग्न ठरलं होतं. पोरगी उमरीची, पुनम. 'पोरगा सरकारी मशीनवर हाय' एवढं ऐकून तिच्या बापानं सुपारी फोडली होती. काल दुपार कलल्यावर अंगद तिकडंच, होणाऱ्या सासऱ्याकडं पित्तराच्या जेवणाला गेला होता आणि आज सकाळच्या एसटीनं परतला होता. पोलिसांत नाव गेलं असतं तर सुपारी परत यायला तीच एसटी पुरली असती.

"अंगद, खरं सांग. हे कसं झालं?"

अंगदनं मान खाली घातली. "माझ्यानंच झालं, साहेब. म्याच केलं. लिहून टाका."

"काय केलंस?"

"जे झालं ते."

"म्हणजे नेमकं काय?"

"तुम्ही लिहा काय बी. म्या सही करतो."

"अरे, तू तर काल उमरीला होतास!"

"म्हनून काय झालं? जाताना केलं."

"नामदारांचं तोंड कशानं खरवडलंस?"

अंगदनं आपल्या हातांकडं पाहिलं. बराच विचार करून म्हणाला, "नखानं."

हणमंतरावांनी त्याची नखं पाहिली. लग्न ठरलेल्या पोरासारखी ती अगदी बारीक कापलेली होती. पोरगा खोटं बोलत होता. हणमंतरावांना याची खात्री होती, कारण खरा गुन्हेगार कोण हे तालुक्यात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. पण मग हा कुणासाठी खोटं बोलतोय? आपला पंप त्यानं पाहिला की काय? आपल्याला वाचवतोय की काय?

"लिंबाखाली बस," ते म्हणाले. "हलू नकोस. वरून हुकूम हाय."

अंगद मुकाट्यानं जाऊन बसला. 

३

संशयित शोधायला लांब जायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडं दयानंदचा पेट्रोल पंप होता. विजेच्या गाड्या वाढल्या तर ज्याचं नुकसान, त्याच्यावर पहिला संशय घ्यायला कुणाचीच हरकत नसते.

दयानंद गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. हणमंतराव दिसताच त्यानं पेपर उलटा धरला.

"या काका. काय घेणार, च्या?"

"जबाब घेणार. यंत्राशी तुझं वैर हाय का न्हाई?"

"वैर कामून असंल? एवढ्या दिवसात तिथं गाड्या किती आल्या? एक वाट चुकलेला पुण्यावाला, अन् एक नामदाराचा कार्यकर्ता, तो बी सेल्फीपुरता."

"काल सांजच्याला तू रस्ता ओलांडून तिकडं गेलता. शांतम्मानं बघितलंय." हे हणमंतरावांनी ठोकून दिलं होतं. शांतम्माला त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.

दयानंदचा चेहरा उतरला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, उठून खोलीचं दार लावलं, आणि पत्र्याच्या आडोशाला टाकलेली ताडपत्री उचलली. खाली एक विजेची स्कूटर होती. गुलाबी.

"पोरीची हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लातूरला कॉलेजला हाय न्हवं. ती म्हनली, पप्पा, पेट्रोल नगं, धूर होतो. आता तुमीच सांगा काका, पेट्रोल पंपावाल्याच्या घरी विजेची गाडी! गिऱ्हाईकानं बघितलं तर? म्हनून अंधार पडला की गुपचूप जाऊन लावतो तिथं. बिल बी भरत न्हाई. कुनाच्या नावानं भरू?"

"म्हणजे काल लावलीस अन् यंत्र बसलं?"

"काल लावलीच न्हाई! गेलो, तर सगळ्या ओट्यावर पानी. पाय घसरला, बूट भिजले. गन बी जागेवर टांगलेली न्हवती, केबल खाली सोडलेली. म्या म्हनलं आज काय तरी काम चालू दिसतंय, अन् माघारी फिरलो. पन आधीचे दिवस रोज लावली, काका. तिच्यानंच तान येऊन मशीन बसलं असनार. अंगदला सोडा, अन् माझं नाव..." त्यानं स्कूटरवर ताडपत्री पुन्हा ओढली. "निदान रंग तेवढा लिहू नका."

हणमंतराव बाहेर पडले ते पूर्वीपेक्षा जास्त अपराधी होऊन. दयानंदला सगळं कबूल करायला त्यांच्या एका थापेनं भाग पाडलं होतं, आणि ते स्वतः मात्र चौकशी अधिकारी होते.

फाट्याच्या कडेला शांतम्माची इडलीची गाडी होती. शांतम्मा देगलूरकडची, नवऱ्यामागं इकडं आलेली. तिच्या बोलण्यात कन्नड आणि तेलुगू जेवढी असे, तेवढीच तिच्या सांबारात चिंच. हणमंतरावांनी विचारायच्या आतच तिनं कपाळावर हात मारला.

"अय्यो देवरे! आलात का साहेब अण्णा? घाला बेड्या!"

"कसल्या बेड्या?"

"माझंच पाप हाय ते. पहाटं पहाटं माझं ग्राइंडर मी तिथंच लावते. हे दगडाचं, बघा, केवढं जड हाय. डाळ वाटायला लागलं की सगळा डबा थरथर, थरथर. काल फजरला लईच थरथरला. आज जाऊन बघते तर लाल डोळा! ग्राइंडर कडेला घेतलं अन् पळाले. आज इडल्या बी न्हाईत, बघा, नुसते पोहे."

"अन् नामदारांचं तोंड?"

"त्याला मी कशाला हात लावू? त्याच्या तोंडाकडं बघून तर गिऱ्हाईक थांबतंय. लोक म्हनतात, हा एवढा हसतोय म्हंजी इडली चांगली असनार." ती पदरानं डोळे पुसू लागली. "त्या पोराला सोडा अण्णा. त्यानं मला एका शब्दानं टोकलं न्हाई. उलट वायर लांबवून दिली."

तर अशी परिस्थिती होती. एका यंत्राच्या खुनाचे चार कबुलीजबाब, त्यातला एक न दिलेला. अपराधी भरपूर आणि गुन्हा एकच. हणमंतरावांनी शांतम्माकडचे पोहे घेतले.  लिंबाखाली अंगद तसाच बसला होता.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि लातूरला लावला.

४

बसवराज हा यंत्र बसवून गेलेला तंत्रज्ञ. मूळचा निलंग्याचा, आता लातुरात, आणि कायम कुठल्या तरी खांबावर.

"लाल दिवा ना?" तो वरून ओरडला. "तो गनचा दिवा आहे साहेब."

"अन् प्लगला कुणी जरा... समजा, जास्तीचं काही लावलं असंल तर?"

"प्लगची लाइन वेगळी, गनची वेगळी. प्लगला तुम्ही रोडरोलर लावला तरी फार तर प्लग बसेल. गनला काय त्याचं? प्लग चालू आहे का बंद?"

हणमंतरावांनी प्लगकडं पाहिलं. सकाळपासून प्लगला कुणी हातच लावला नव्हता. ज्याला त्याला त्याची भीती होती, आणि ज्यानं त्यानं ती दुसऱ्यापासून लपवली होती. त्यांनी खिशातला मोबाइलचा चार्जर काढला, डोळे मिटले आणि प्लगमध्ये खुपसला.

फोननं टुणकन आवाज दिला. चार्जिंग सुरू!

शांतम्माचं ग्राइंडर निर्दोष. दयानंदची गुलाबी स्कूटर निर्दोष. आणि हणमंतरावांचा फवारणीचा पंप, देवाशपथ, निर्दोष. त्यांना भरून आलं. यंत्राच्या खांद्यावर त्यांनी हात टाकला. मग लिंबाखालून आपल्याकडं बघणारा अंगद त्यांना दिसला आणि हात आपोआप खाली आला.

"बसवराज, मग गनला काय झालं असंल?"

"आत काहीतरी शिरलंय. ओल म्हणा, माती म्हणा. यंत्राला आत काही जाणवलं की ते स्वतःला बंद करून घेतं. चांगली सवय आहे त्याची."

"पाऊस?"

"आठ दिवसांत कुठं झालाय पाऊस? आणि झाला असता तरी वर पत्रा आहे, गन तोंड खाली करून टांगलेली असते. पाऊस काय खालून वर पडतो का? बरं, शॉक कुणाला बसला नाही ना? नाही बसणार म्हणा. गाडीत लावल्याशिवाय त्या गनमध्ये करंट येतच नाही. ठेवतो साहेब, खाली शिडी हलवायलेत."

हणमंतराव विचार करत जेवायला घरी आले. दारातच अडखळले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. घरातल्या झाडून साऱ्या वाकळा दोरीवर, कपाटातली भांडी बाजेवर, देव ताटात, डबे उपडे. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई पदर खोचून मोठ्या घमेल्यात काहीतरी खळबळत होत्या. घटस्थापना तोंडावर आली की मराठवाड्यात घराघरातून दसरा काढतात. म्हणजे घरातली धुता येणारी प्रत्येक वस्तू धुतात, आणि धुता न येणाऱ्या वस्तूंनाही आधी विचारत नाहीत.

"जेवायला थांबा जरा," त्या म्हणाल्या. "बसा तिकडं टीव्ही लावून, लाइट आलीय." मग थोडं थांबून, "न्हाई, टीव्ही नका लावू. रिमोट वाळायचाय."

बाजेच्या कोपऱ्यावर, स्वच्छ फडक्यावर, टीव्हीचा रिमोट पालथा पडून ऊन खात होता.

"रिमोट धुतलास?"

"मग? केवढा मेणचट झालता. सोड्याच्या पान्यात बुडवून ठेवला, शेंडीनं घासला. बघा कसा निघालाय."

हणमंतरावांनी घमेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट, तुरट. जीभ ओढली गेली. मनकर्णाबाईंच्या हातात नारळाची शेंडी होती. त्यांनी खिशातला रुमाल सोडला आणि त्यातला तपकिरी धागा शेंडीशेजारी धरला.

"काय करून राहिलात?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "ऊन लागलं का?"

ते न जेवताच फाट्याकडं निघाले. पाणी ओट्यावर सांडलं होतं. गन जागेवर नव्हती, कारण ती खाली होती, बादलीत. पाऊस खालून वर पडत नाही, पण बादली खालीच असते. आणि नामदारांचं तोंड कुणी द्वेषानं खरवडलं नव्हतं. ते तर कुणीतरी फार मायेनं धुतलं होतं, जसं शाळेला निघालेल्या पोराचं धुवावं.

आता अंगद कुणासाठी खोटं बोलत होता, हेही त्यांना कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

५

धोंडाबाई मागच्या खोलीच्या दारात भिंतीला चुना देत होती. सत्तरीला टेकलेली, कंबरेत वाकलेली, पण हातात जोर असा की भिंतच थोडी मागं सरकल्यासारखी वाटत होती.

"या साहेब. अंगद हाय की तिकडं, लिंबाखाली. आज त्याची डूटी तिथं हाय म्हनला."

हणमंतरावांच्या पाठीमागं पावलं वाजली. अंगद उठून आला होता. हुकूम मोडून.

"मावशी," हणमंतराव हळूच म्हणाले, "मशीन लई चकचकीत झालंय."

म्हातारीचा चेहरा असा उजळला की तिथं दिवा लावायची गरज उरली नाही.

"झालंय न्हवं? कुनीतरी बोललं बघा! काल ह्यो उमरीला गेला, जाताना मशीनचं बटन बंद करून गेला, म्हनलं आता मोकळं हाय. आपल्या घरचा दसरा काढायलोय, अन् ज्याच्यावर आपली भाकरी हाय ते तसंच मळकं ठिवायचं? पाप लागंल. सगळं सोड्यानं धुतलं. ते बंदुकीवानी हाय ना, त्याला तर नुसतं काळं झालतं, कोन कोन हात लावतंय. ते बादलीत रातभर भिजत घातलं. फजरला काढलं, बटन चालू केलं, तर नव्यावानी!"

"अन् वरचा फोटो?"

तिनं जीभ चावली. "ते तेवढं चुकलं बघा. त्या मानसाच्या तोंडावर कावळ्यानं घान केलती. आता पित्तरपाटात कावळ्याला कोन काय म्हननार? पुसाया गेले, तर तोंडच निघून आलं. रंग कच्चा हाय साहेब तुमच्या मानसाचा."

"मावशी, पण मशीन धुवायला सांगितलं कुणी?"

"आं? तुमीच की! त्या दिवशी माइकवर म्हनलात न्हाई का, घरातलंच समजा, घरच्यासारखं जपा? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्या बी वाजवल्या. घरातली कोनची वस्तू दसऱ्याला धुवायची ऱ्हाते, सांगा बरं?"

 हणमंतरावांकडं यंत्राच्या सूचनांची एक पुस्तिका आली होती, चित्रांची. कपाटाची चावी नांदेडला, म्हणून ती कपाटावरच राहिली होती, आणि उद्घाटनाच्या दिवशी पोह्याच्या पातेल्याखाली गेली होती. पातेलं गरम होतं ना.

अंगद आता आईच्या मागं जाऊन उभा राहिला होता.  हणमंतरावांकडं पाहून त्यानं हात जोडले, आणि मान हलवली. एवढीशी. नका सांगू तिला.

रस्त्यावर सायरन वाजला.

नामदारांचा ताफा नांदेडच्या बाजूनं आला. पुढं पोलिसांची गाडी, मागं डिझेलच्या मोठमोठ्या गाड्या, त्यातल्या एकीत नामदार. ताफा न थांबता, कणभरही वेग कमी न करता, धुरळा उडवत लातूरकडं निघून गेला. सगळ्यात शेवटी एक ट्रक होता. ट्रकवर, दोरखंडानं बांधलेली, फुलांच्या माळा घातलेली, नामदारांची नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी. वाटेत बॅटरी संपली तर काय, म्हणून कार्यकर्त्यांनी ती ट्रकवर घालून चालवली होती.

"गेले," अंगद म्हणाला.

"नामदार गेले," हणमंतराव म्हणाले. "साहेबांचा फोन आता येईल."

तो आलाच.

६

"काय हणमंतराव? नामदार थांबले नाहीत ते बरंच झालं. पण मला अहवाल पाहिजे. गुन्हेगार कोण? अंगद ना?"

निर्दोष होऊन हणमंतरावांना जेमतेम दोन घटका झाल्या होत्या. पण त्यांना ते काही केल्या अंगी लागेना. सकाळपासून त्या पोराला झाडाखाली बसवून ठेवलं होतं, आणि तोंड मिटून घेतलं होतं ते त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

"न्हाई साहेब. अंगद काल रात्री इथं नव्हताच. गनमध्ये पाणी गेलं. साफसफाईत."

"कुणी केली साफसफाई?"

"मी सांगितली."

"तुम्ही?"

"हाव. भर सभेत, माइकवर. यंत्र कसं जपायचं हे समजावून सांगायचं काम कक्षाचं होतं. कक्ष म्हणजे मी. मी सांगितलं न्हाई. जे सांगितलं ते उलटंच सांगितलं. लिहा माझं नाव. आणखी एक. मी त्या प्लगला माझा फवारणीचा पंप लावला होता. त्यानं काही झालं न्हाई, पण लावला होता. तेही लिहा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. 

"हणमंतराव, निवृत्तीला किती राहिलेत? ठपका बसेल. निरोप समारंभाचं काय करायचं मग?"

"राहू द्या समारंभ."

 मग साहेबांचा आवाज जरा खाली आला. "ते... त्या प्लगला कुणी कुणी काय काय लावलं, हे सगळं चौकशीत येणार का?"

"विचारलं तर येईल साहेब."

"म्हणजे कसंय, उद्घाटनाच्या दिवशी मी जरा लवकर आलो होतो. सफारीला सुरकुत्या पडल्या होत्या. ड्रायव्हरकडं इस्त्री होती..."

म्हणजे मुरंबवाडी फाट्यावरच्या स्टेशनचं खरं उद्घाटन नामदारांच्या हस्ते झालंच नव्हतं. ते आधीच, साहेबांच्या इस्त्रीनं, गुपचूप उरकलं होतं.

"असं करू," साहेब घाईघाईनं म्हणाले. "प्लगचा विषय अहवालात नको. कारण: ओलावा. जबाबदारी: सूचना देण्यात तालुका कक्षाची कसूर. तुम्हाला लेखी ताकीद. राखणदाराचा संबंध नाही. नवी गन मी लातूरहून मागवतो. आणि फोटो..."

"फोटोचं काय करायचं साहेब?"

"हात तसेच राहू द्या. कुणाचेही म्हणता येतात."

फोन ठेवून हणमंतराव मागच्या खोलीकडं गेले. अंगद पायरीवर बसला होता. त्यांनी त्याला झालेलं सगळं सांगितलं: नोकरी शाबूत, पोलीस नाहीत, पुनमच्या बापाला कळायचं कारण नाही. अंगदला आधी खरंच वाटेना. मग तो तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसला, आणि हणमंतरावांनीही तिकडंच पाहिलं, कारण दुसरीकडं बघायची त्यांची हिंमत नव्हती.

भिंत संपवून धोंडाबाई आता आतली फरशी पुसत होती. हणमंतराव आत जाऊन बाजेवर टेकले. अंगद दारात येऊन उभा राहिला. घसा खाकरून हणमंतरावांनी सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते माइक नसताना भाषण करत होते.

"अंगद, आज सकाळपासून तू झाडाखाली बसलास ते माझ्या भित्रेपणापायी. मला पहिल्या झटक्यालाच बोलायला पाहिजे होतं. मी चौकशी करत फिरलो, दुसऱ्यांना कबूल करायला लावलं, अन् स्वतः गप्प राहिलो. तू तर गुन्हा नसताना कबूल केलास. मला एवढी नोकरी करून बी जे जमलं न्हाई, ते तू... मला माफ कर, लेकरा. हे मी कधी विसरनार न्हाई. अन् माझ्या हातून ह्या घराला..."

 अंगदनं मान खाली घातली. धोंडाबाई पोतेरं पिळून बाजेपर्यंत सरकत आली आणि थांबली. तिनं एकदा साहेबांच्या भरल्या डोळ्यांकडं पाहिलं, एकदा फरशीकडं.

"चालू द्या साहेब तुमचं," ती म्हणाली. "तेवढे पाय जरा वर घ्या. खालचं पुसायचं ऱ्हायलंय."